आबांची उर्दू, नानांची मराठी आणि माझं बेसिकली

आमच्या आबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नाही, कारण त्यांना उर्दू येत होती आणि त्यांच्या काळात तेवढ्यावर भागत होतं. हे मी पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की ते आधी मनातल्या मनात माझं आडनाव तपासतात आणि मग विचारतात, उर्दू? तुमच्यात? मग मला निजामापासून सुरुवात करावी लागते, आणि निजाम म्हटलं की इकडच्या लोकांना हिरे, कंजूषपणा आणि बिर्याणी एवढंच आठवतं. आमचा अख्खा मराठवाडा त्याच्या राज्यात होता हे शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेलं असतं, त्यामुळे दोष त्यांचा नाही.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात. म्हणजे पुण्यामुंबईकडे साहेब म्हणजे गोरा साहेब, आणि आमच्याकडे साहेब म्हणजे शेरवानीवाला. सरकारी कामकाज आधी फारसीत चालायचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते उर्दूत आलं. प्रजा बोलणार मराठी, तेलुगू, कानडी, आणि कचेरीतला कागद उर्दूत. आबा तालुक्याच्या शाळेत अलिफ बे पे गिरवून शिकले आणि पुढे एका वकिलाकडे कारकुनीला लागले. घरी, शेतात, बैलाशी, पांडुरंगाशी मराठी, आणि डोक्यावर टोपी घालून तहसिलीत गेले की उर्दू. सही शेवटपर्यंत उर्दूतच करायचे, नंतर बँकेत खातं काढताना तिथल्या साहेबाने मराठीत सही करा म्हटलं तर आबा म्हणाले "मला मराठी लिहिता येतंय पण सही येत न्हाई". कुणी हसलं नाही म्हणे, कारण त्या ओळीत उभी असलेली त्यांच्या वयाची अर्धी माणसं तशीच होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण मराठीतून उच्चशिक्षण वगैरे चर्चा निघाली की ती कुणाला आठवत नाही. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आणि तिथे मेडिकल, इंजिनिअरिंगसकट सगळं उर्दूतून शिकवायचे. इंग्रजी फक्त एक सक्तीचा विषय. त्यासाठी निजामाने भाषांतराचं वेगळं खातंच काढलं होतं, तिथे बसून लोक फिजिक्सची, कायद्याची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत आणायचे. आपल्याकडे एआयसीटीईने मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली ती २०२१ ला, म्हणजे शंभर वर्षांनी. भारतीय भाषेत विज्ञान शिकवता येतं हे निजामाने करून दाखवलं, फक्त ती भाषा त्याच्या बहुतेक प्रजेची नव्हती, आणि तिथेच सगळी गोम आहे. मराठी पोराला लंडनची भाषा परकी तशी हैदराबादची पण परकीच. १९३८ ला त्याच विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून पोरांना काढलं आणि त्यातली बरीच पोरं नागपूरला जाऊन शिकली, पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. आणि १९४८ ला पोलीस ॲक्शन झाल्यावर उस्मानियाचं माध्यम काय झालं? मराठी नाही, तेलुगू नाही, इंग्रजी झालं. काय बोलणार.

तर आबांचं शिक्षण एका हप्त्यात बाद झालं. अक्षरशः. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, आणि पुढच्या काही वर्षांत तहसिलीतले कागद बदलत गेले, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. आबांनी उर्दूचे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि शेती बघायला लागले. मी त्यांना कधी त्यावर हळहळताना पाहिलं नाही. भाषा ही त्यांच्या लेखी कचेरीत जाताना घालायची टोपी होती, घरी आलं की खुंटीला. आपण कोण हे त्या टोपीवरून ठरतं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

नाना (माझे वडील) त्या नव्या मराठी राज्यात वाढलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि तिथेच मास्तर झाले. आता लोकांना वाटतं की मराठी राज्य आलं म्हणजे मराठी माणसाला घरची भाषा मिळाली. अर्धवट खरं आहे. नाना घरी बोलायचे ते "काय करायलास रे", "मपलं पुस्तक कुठंय", "लई इचार करू नको", आणि शाळेत गेले की "तू काय करत आहेस", "माझे पुस्तक कुठे आहे". पुस्तकातली मराठी पुण्याहून यायची, बालभारतीचा छापखानाच काय, भाषाही तिथलीच. आम्हाला पहिलीत जे शिकवलं ते घरी कुणी बोलतच नव्हतं. नानांनी पट्टी हातात घेऊन आमचं "मपलं" काढून टाकलं, स्वतःच्याच पोराचं, आणि घरी येऊन स्वतः "मपलं"च म्हणायचे. आमच्या बाईला (आमच्याकडे आईला बाई म्हणतात) ते फार गमतीशीर वाटायचं. ती म्हणायची, मास्तर शाळेतच ठिवून येत जा की.

इंग्रजी आम्हाला पाचवीपासून. आताच्या पालकांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं आम्ही गुहेत राहत होतो. एबीसीडी पाचवीत, चार रेघांची वही, आणि स्पेलिंग पाठ करायची आमची एक पद्धत होती जी मराठवाड्यातल्या काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही झेडपीवाल्याला विचारा, त्याला आठवेल. शब्द जसा लिहिलाय तसा मराठीत वाचायचा आणि तसाच घोकायचा. नाईफ नाही, "कनिफे". वेन्सडे नाही, "वेड-नेस-डे". नॉलेज म्हणजे "कनोव-लेड-गे". ब्युटीफुल "बे-आ-उ-टी-फुल". परीक्षेत पैकीच्या पैकी स्पेलिंग यायचं आणि तो शब्द तोंडाने म्हणायची वेळ आली की डोक्यात आधी कनिफे यायचा, मग त्यावर फिल्टर मारून नाईफ. मला आजही वेन्सडेची मीटिंग टाकताना बोटं वेड-नेस-डे म्हणतात. स्पेलचेक लागत नाही मला, पोरगी लावते.

दहावीला असताना, २००० साली, तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी निर्णय घेतला की मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी. झालं, आमच्या घरात भूकंप. नाना पंचेचाळिशीचे, आयुष्यभर तिसरी-चौथीला मराठी, गणित, परिसर अभ्यास शिकवलेले, आणि आता त्यांना पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं होतं. तालुक्याला प्रशिक्षण झालं, त्यातून हातवारे करून म्हणायची गाणी घेऊन आले. संध्याकाळी अंगणात उभं राहून, धोतर नाही पण पायजमा-बनियनमध्ये, एवढा मोठा मिश्यांचा माणूस "स्टँड अप, सिट डाऊन, टर्न अराऊंड" म्हणत स्वतःभोवती फिरतोय आणि आबा बाजेवर बसून बघतायत. आबा म्हणाले, "आमच्या मौलवीसाबानं आम्हाला असं नाचवलं नव्हतं बाबा." नाना चिडले नाहीत, हसले, आणि परत पहिल्यापासून. गावातले लोक येऊन विचारायचे, गुर्जी, आमच्या पोराला इंग्लिस यायलं का? आणि तोपर्यंत ज्या शाळेत लोक पोरांना ढकलून पाठवायचे तिथे स्वतःहून यायला लागले. निर्णयावर तेव्हा टीका झाली, अजून होते, शिक्षणशास्त्रात मातृभाषेचं महत्त्व वगैरे सगळं बरोबर आहे. पण आमच्या गावच्या बायांना त्या निर्णयाने काय वाटलं हे मी पाहिलंय, पुण्याच्या पोराला जे मिळतं ते आपल्या पोराला फुकटात मिळणार.

मग २००२ ला मी पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, आणि इथून माझा मुद्दा सुरू होतो, आधीचं सगळं पाल्हाळ होतं असं समजा.

मला सगळ्यांनी भीती घातली होती की तिथे इंग्रजीवरून हसतील. हसले. लेक्चर इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत, आम्ही "सर सॉरी सर" यापलीकडे काही बोलत नव्हतो. पण इंग्रजीवर हसणं हे सगळ्यांचं सगळ्यांवर होतं, कारण कोल्हापूरचा, जळगावचा, यवतमाळचा, एवढंच काय पुण्यातल्याच पेठेतला मराठी मीडियमवाला, सगळे त्यात गचके खात होते. खरं लागलं ते मराठीवर हसले तेव्हा. मेसमध्ये "पानी दे रे" म्हटलं तर समोरचा म्हणाला, पानी नाही, पाणी म्हण, पा-णी. आणि टेबलावरची सगळी हसली. "करायलास" म्हटलं की त्याची नक्कल. "मपलं" तर पट्टीने गेलंच होतं पण चुकून निघालं एकदा, वर्षभर तेच माझं नाव होतं. म्हणजे बघा, जी भाषा मला येतच नव्हती तिच्यात मी कच्चा ठरलो याचं काही नाही, पण जी आईच्या पोटातून घेऊन आलो तिच्यातही नापास? कुणाची भाषा होती मग ती?

आणि इंग्रजीने काय केलं सांगू, तिने मला तिथून सोडवलं. हे वाक्य मराठीवर प्रेम असणाऱ्या लोकांना आवडत नाही, मला स्वतःला पण नीट आवडत नाही, पण आहे ते आहे. कॅम्पसला ग्रुप डिस्कशन असायचं, त्यात गळालेली खूप पोरं मी पाहिली, हुशार, कोडिंगमध्ये बाप. एचआर राऊंडला "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आलं की महाराष्ट्रातलं प्रत्येक पोरगं एकाच शब्दाने सुरुवात करतं, "बेसिकली". बेसिकली आय ॲम फ्रॉम परभणी. बेसिकली आय बिलाँग टू फार्मर फॅमिली. त्या बेसिकलीला काही अर्थ नसतो, तो फक्त पाण्यात उडी मारण्याआधी नाक धरतात तसा असतो. मी पण नाक धरून मारली उडी, नोकरी लागली. आणि पहिल्या क्लायंट कॉलवर कळलं की समोरचा पोलंडचा माणूस माझ्यापेक्षा वाईट इंग्रजी बोलतोय आणि त्याला त्याची काडीची लाज नाही. 'द' आणि 'अ' तो वापरतच नव्हता, सगळी वाक्यं ठोकळे टाकल्यासारखी, आणि तो सीनियर आर्किटेक्ट, सगळे कान देऊन ऐकतायत. त्याला माझं "पानी" कळत नव्हतं आणि मला त्याचं गावाकडचं पोलिश. आमच्या दोघांच्या मध्ये जे काही इंग्रजी होतं ते दोघांचं सारखंच उसनं.

इंग्रजीत माझा जिल्हा दिसत नाही. म्हणजे इंडियन ॲक्सेंट आहे हे कळतं, पण परभणी की प्रभात रोड हे पोलंडवाल्याला काय कळणार. मराठीत मी तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला समोरच्याला माझं गाव, बापाचा धंदा आणि बऱ्याचदा जात पण कळते, निदान त्याला तसं वाटतं. नानांचे एक जुने मित्र औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजला शिकलेले, बाबासाहेबांनी १९५० ला काढलेलं कॉलेज. ते आमच्याकडे आले की नेहमी म्हणायचे, "गुर्जी, मराठीत बोललो की आमचा वाडा कळतो, इंग्रजीत कळत न्हाई, म्हणून आम्ही इंग्रजीला धरून ऱ्हायलो." मी तेव्हा लहान होतो, मला वाटायचं काका उगाच फुशारकी मारतात. मेसच्या त्या टेबलावर बसल्यावर त्यांचं म्हणणं थोडं कळलं. थोडंच, कारण माझं "पानी" आणि त्यांचा वाडा यात जमीन अस्मानाचा फरक आहे, मला हसले, त्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते.

खरं तर हा फरक पहिल्यापासूनच आहे. चिपळूणकरांचं वाघिणीचं दूध आपल्या सगळ्यांना पाठ आहे, इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध. निबंधमाला १८७४ ला सुरू केली, मराठीचा अभिमान जागा केला, आणि १८८० ला टिळकांबरोबर शाळा काढली तिचं नाव काय, न्यू इंग्लिश स्कूल! आज पश्चिम महाराष्ट्रात एसटीने जा, रस्त्यात दर तासाला एक न्यू इंग्लिश स्कूल लागतं आणि आत सगळं मराठी मीडियम. पाटी इंग्लिशची आणि फळा मराठीचा, हे आपलं जुनंच आहे. केसरी मराठीत, मराठा इंग्रजीत, एक लोकांसाठी, एक सरकारसाठी. दूध पिऊन वाघाशी लढायचं, असा तो हिशोब. पण त्याच्याही आधी, १८५४ ला, सावित्रीबाईंच्या कवितांमध्ये इंग्रजी ही माउली आहे. पेशवाई गेली, आता शिका, असं शूद्रातिशूद्रांना सांगणं आहे त्यात. जोतीरावांनी गुलामगिरी मराठीत लिहिली आणि अर्पणपत्रिका इंग्रजीत, अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली, पुढे प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि पेपर काढले ते मराठीत, मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता. म्हणजे ज्यांना मराठीत आधीच मान होता त्यांना इंग्रजी हे हत्यार होतं, आणि ज्यांना मराठीत बसायला जागा नव्हती त्यांना ते दार होतं. इंग्रजीने आपली संस्कृती बुडवली असं जेव्हा कुणी म्हणतं ना तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुणाची? आणि हे विचारलं की ग्रुपमधून लेफ्ट व्हायची वेळ येते.

आमच्या घरात नोकरीची भाषा दर पिढीला बदलली. आबांची उर्दू, नानांची पुस्तकी मराठी, माझी इंग्रजी. तिन्ही बाहेरून आलेल्या, तिन्ही पोटासाठी शिकलेल्या. आणि या सगळ्यात चुलीपाशी जी बोली होती ती उर्दूच्या राज्यात शाबूत राहिली, कारण निजामाला आमच्या चुलीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला धक्का लागला तो मराठी राज्यात, शुद्ध मराठीने. आज मी घरात "काय करतोयस" म्हणतो, "करायलास" म्हणत नाही, आणि ते इंग्रजीमुळे गेलेलं नाही. गावी गेलो की पहिल्या दिवशी जीभ अडखळते, दुसऱ्या दिवशी येतं परत, पुण्याला शिवाजीनगरला उतरलो की परत गुल.

उर्दूचं पण सांगून टाकतो कारण ते कागद पेटीतून परत बाहेर आले. २०२३ ला मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला. नोंदी कशात? उर्दूत आणि मोडीत. आणि तहसिलीत आता ते वाचणारं कोण? जिकडेतिकडे मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधायची धावपळ. माझ्या भावाने आबांची पेटी उघडली, आणि कागद घेऊन तालुक्यातल्या एका रिटायर्ड उर्दू मास्तरांकडे गेला, मी पण योगायोगाने होतो तेव्हा गावाकडे. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद उजवीकडून वाचायला लागले, आणि त्या उर्दूतून आमचं गाव बाहेर यायला लागलं. पणजोबांचं नाव, शेताच्या चारी बाजू, पूर्वेला ओढा, दक्षिणेला कुणाचं शेत, त्यांच्या नातवाशी आमचं अजून बांधावरून भांडण चालू आहे तेच. एका ठिकाणी ते अडले, "माल... मालाचा टुकडा... कसला माल?" भाऊ म्हणाला माळाचा, मास्तर, माळावरचं वावर. उर्दूत ळ नाही ना. जातीच्या नोंदीचं विचारलं तर त्या कागदात जातच नव्हती लिहिलेली. भाऊ तिथल्या तिथे बसला. चहा पिऊन निघालो, मास्तरांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले तुमच्या आबांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आम्ही कोण आहोत याचा सरकारी पुरावा अशा भाषेत पडलाय जी आमच्या घरात आता एकालाही वाचता येत नाही, आणि ती येणाऱ्याशी आम्ही एरवी वर्षभर बोलत पण नाही.

आता पोरगी. सातवीत आहे, सीबीएसई, पुणे. तिचं मराठी छान आहे खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा शुद्ध, णला ण, ळला ळ, फक्त अर्धे शब्द इंग्रजी आणि चिडली की हिंदी. "बाबा मला इतकं इरिटेट होतंय ना, सच में." तिला एकोणऐंशी म्हटलं की ती क्षणभर थांबते आणि "सेव्हन्टी नाईन ना?" विचारते. यावरून नातेवाईक फार कळवळतात. पण २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात त्रेसष्टच्या जागी "साठ तीन" असं वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेत गेलं प्रकरण. मला नानांनी तेव्हा फोनवर सांगितलं, तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय, निम्मी पोरं त्रेसष्ट आणि छत्तीसमध्ये गडबडतात, साठ तीन म्हटलं तर काय मराठी मरती का. मास्तर माणूस, त्याला पोर दिसतं. बाकी भाषेने इंग्रजीला किती जागा करून दिलीय ते बघायचं तर बाराखडी बघा, तिची आता चौदाखडी झाली, ॲ आणि ऑ सरकारने २००९ ला अधिकृत वर्णमालेत घेतले. आबा ब्यांक, डाक्टर, कालेज म्हणायचे आणि त्यांना कुठे अडचण आली नाही. पोरीला मात्र ॲ ची मात्रा पहिलीपासून येते. पण "मपलं" तिच्या कुठल्याच पुस्तकात नाही. नाना हल्ली फोनमध्ये बोलून मेसेज टाकतात, ते "मपलं" म्हणाले की फोन "आपलं" लिहितो. पट्टी न मारता, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी, २०२५ ला, हिंदी पहिलीपासून आणायचं निघालं तेव्हा सगळा महाराष्ट्र उठला. सरकारला २९ जूनला दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले, ५ जुलैला वरळीला दोन ठाकरे एका स्टेजवर. मला पण तो निर्णय पटला नव्हता, पहिलीच्या पोरावर तीन भाषा हे नानांना विचारा काय असतं ते. पण त्या सगळ्या गोंधळात इंग्रजी पहिलीपासून आहे याबद्दल कुणी शब्द काढला नाही. काढणार कसा, बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची पोरं, नातवंडं कुठल्या मीडियमला आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. माझी पण तिथेच आहे, त्यामुळे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये गप्प बसून डोसा खाल्ला.

आणि आता भावाचा प्रश्न आलाय. त्याचा मुलगा यंदा पहिलीला. तालुक्याला एक इंटरनॅशनल स्कूल निघालंय, इंटरनॅशनल म्हणजे पिवळी गाडी, टाय आणि कंपाउंडवर मिकी माऊस. शिकवणाऱ्या मॅडम बारावी झालेल्या, मुलांना सांगतात "डोन्ट मस्ती". फी त्याच्या सोयाबीनच्या हिशोबाने जड. आणि गावात नानांचीच जुनी झेडपीची शाळा आहे, मास्तर चांगला आहे, तरुण आहे, सेमी इंग्रजी आहे, मुलं वाचतात, मी स्वतः जाऊन बघितलंय, तिसरीतल्या पोरीने मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही धडधड वाचून दाखवलं. मी भावाला फोनवर अर्धा तास समजावलं. लहानपणी घरची भाषा पक्की झाली की पुढची कुठलीही येते, आबांना आली, नानांना आली, मला आली. तिथे टाय घालून त्याला ना धड इंग्रजी येईल ना मराठी. मी जे काय वाचलंय, पाहिलंय ते सगळं सांगितलं, आणि मला आजही वाटतं ते बरोबर आहे.

भावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तुझं समदं पटतंय मला. तू असं कर, तुपल्या पोरीला घाल झेडपीत, मपलं पोरगं मी दुसऱ्या दिवशी घालतो."

पंधरा जूनला शाळा सुरू होतायत. पिवळ्या गाडीवाल्यांनी अर्धी फी आधी भरायला सांगितलीय, आणि त्यातले थोडे पैसे भावाने माझ्याकडेच मागितलेत. पाठवणार आहे.